गच्चीवरचा पाणकर

मन्सारामजी भिंतीला कान लावायचे. जिना चढताना मधेच थांबायचे, टोपी वर सरकवायचे आणि पाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे कान टेकवून डोळे मिटायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, आमच्या दाराशी. गोंदियातल्या आमच्या इमारतीतून त्याच महिन्यात दोन सायकली गेल्या होत्या, तेव्हा एक अनोळखी म्हातारा आपल्या भिंतीला चिकटलेला पाहून माझ्या मनात काय आलं ते सांगायला नको. मी मागून खाकरलो. त्यांनी डोळे उघडले, पण कान काढला नाही.

"इथंच राहता काय जी?"

"हो. तुम्ही कोण?"

"तुमच्या न्हाणीतला नळ गळून राहिला."

आमचा एकही नळ गळत नाही, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. "मंग पाहून या. मी थांबतो," ते म्हणाले. मी पाहून आलो. बादलीच्या मागे, कोपऱ्यातला नळ बारीक धारेने गळत होता. मी बाहेर येऊन तसं कबूल केलं, तर ते खूश वगैरे झाले नाहीत. "माणसाच्या तोंडावर भरोसा नाही ठेवाचा मास्तर. पाण्याच्या आवाजावर ठेवाचा." मी मास्तर नाही, कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. त्यांनी माझ्या चष्म्यावरून मला मास्तर ठरवलं आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करण्याची माझी सवय तेव्हापासूनची नाही, पुष्कळ जुनी आहे.

ते दुसऱ्या मजल्यावरच्या देवेंद्रचे वडील. देवेंद्र राइस मिलमध्ये क्लार्क. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्याने आईवडिलांना गावाहून आणलं होतं. गाव अर्जुनीकडचं, इटियाडोह धरणाचा कालवा जिथे पोचत नाही त्या अंगाचं. तिथे धानाला पाणी मिळतं ते गावच्या तलावाचं, आणि मन्सारामजी त्या तलावाचे पाणकर होते. पाणकर म्हणजे पाणी वाटणारा माणूस. तलावाचं तोंड, ज्याला ते तुडुम म्हणत, कधी उघडायचं, कधी बंद करायचं, कोणाच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, किती वेळ पाणी द्यायचं, हे सगळं गाव एका माणसावर सोपवतं. तीस वर्षं गावाने ते त्यांच्यावर सोपवलं होतं. "पाणकराले दोस्त नसते," ते म्हणायचे. "दोस्त झाला का त्याच्या बांधीत दोन बोटं पाणी जास्त जाते. हात आपसूक ढिला पडते."

आमच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरलं तेव्हा इमारतीत बारा फ्लॅट आणि बारा संशय होते. वीज सगळ्यांची मिळून वापरायची होती: पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे, तळमजल्यावरची सामायिक घरगुती चक्की आणि पार्किंगमधलं स्कूटर चार्ज करायचं बोर्ड. पॅनेल विकणारा फसवेल, असं काही जणांना वाटत होतं. बाकीच्यांना वाटत होतं की विकणारा ठीक आहे, शेजारीच जास्त वापरून घेतील. रेल्वेतून निवृत्त झालेले मिश्राजी तर उघडच म्हणाले, "देखो भाई, मुझे तो लिफ्ट लगती ही नहीं, मैं ग्राउंड फ्लोअर पे हूँ. बाकी लोग मेरा सूरज खा जाएंगे." मी सोसायटीचा सचिव. गच्चीची किल्ली कोणाकडे ठेवायची यावर दोन रविवार गेले. शेवटी मिश्राजींनीच मन्सारामजींचं नाव काढलं. "ये काका किसी पे भरोसा नहीं करते. इनको दे दो."

मन्सारामजींनी किल्ली हातात घेतली आणि विचारलं, "शेवटचं घर कोणाचं?" कोणाला कळेना. तलावावर त्यांची रीत अशी होती की पाणी पहिले शेवटच्या बांधीला द्यायचं, मग मागे मागे येत तोंडाजवळच्या बांधीला. उलट केलं तर शेवटच्यापर्यंत कधी पोचतच नाही. इमारतीत त्यांनी तेच लावलं. ज्यांच्या घरी एकच स्कूटर आणि ती घेऊन दुपारी कामाला निघायचं, त्यांची पाळी ऊन चढलं की सगळ्यात आधी. ज्यांची स्कूटर दिवसभर घरीच असते, त्यांनी थांबायचं. चक्की दुपारी बारा ते दोन. पंप अकराला, आणि टाकी भरेपर्यंत ते स्वतः टाकीला कान लावून उभे. आधी रोज टाकी वाहून जायची. त्यांच्या काळात एकदाही वाहिली नाही. पटले बाई, आमच्याकडच्या शिक्षिका, एकदा संध्याकाळी दळण घेऊन उतरल्या. मन्सारामजी चक्कीसमोर पाट टाकून बसलेले.

"काका, एवढं दळू द्या ना. पाहुणे आले."

"सूर्य घरी गेला बाई. आता जे फिरन ते दुसऱ्याच्या विजेवर फिरन."

"दोनच किलो आहे हो."

"दोन किलोनंच पाण्याचा पाट फुटते," ते म्हणाले आणि उठले नाहीत. बाई चरफडत गेल्या; पण दुसऱ्या दिवशी बाराला सगळ्यात आधी त्याच आल्या. तीन महिन्यांत इमारतीच्या सामायिक मीटरचे युनिट निम्म्याच्या खाली आले. आम्ही सगळे पॅनेलचं कौतुक करत होतो. खरं म्हणजे पॅनेल अर्ध्याच कामाचे होते. बाकीचं अर्धं काम तो म्हातारा पाटावर बसून करत होता.

रोज चहाला ते माझ्याकडे यायचे, कारण मला विजेचं कळतं असा त्यांचा समज होता. असंच एकदा त्यांनी विचारलं, "दोन वाजल्यावर सारे कामावर राहते. पंप बंद, चक्की बंद. तवा ती वीज जाते कुठं?" मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "बाहेरच्या तारेत जाते. कंपनीकडे."

"म्हणजे आपल्या तलावाचं पाणी दुसऱ्याच्या नाल्यात?"

"तसंच समजा."

ती वीज आपल्या नावावर जमा होते, मीटर ते मोजतं, संध्याकाळी तेवढी आपल्याला परत मिळते, हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी पेपर खाली ठेवला नाही.

त्याच चहावर त्यांनी मला डहाळीची गोष्ट सांगितली होती. कोणी चोरून पाटाला भोक पाडलं, आपल्या बांधीत पाणी वळवलं, तर पाणकर त्या भोकाशी पळसाची डहाळी खोचतो. म्हणजे मी पाहिलं. पुढची पाळी यायला आठ दिवस असतात. तेवढ्यात त्या माणसाने आपल्या हाताने भोक बुजवायचं. बुजवलं तर त्याचं नाव पाणकर कोणाला, बायकोलासुद्धा सांगत नाही. "नाही बुजवलं तर?" मी विचारलं. "तीस सालात तशी पाळी नाही आली जी. माणसाले लाज वाटाले आठ दिवस लागते. तेवढे द्याचे."

आता माझ्या भोकाविषयी. सात-आठ वर्षांपूर्वी मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत आम्ही एसी लावला. आमचा मजला सगळ्यात वरचा. मे महिन्यात भिंतीला हात लावला तर भाजावा. जिन्यातले दिवे दुरुस्त करायला आलेला वायरमन म्हणाला, "साहेब, या डब्यातूनच एक वायर आत टाकून देऊ का? तुमच्या मीटरवर लोड येणार नाही." मी हो म्हणालो नाही. मी फक्त नाही म्हणालो नाही. मुलगी पुढे नागपूरला गेली, खोलीत मी झोपू लागलो, वायर तशीच राहिली. पॅनेल बसल्यावर तर मला बरंच वाटलं. सूर्याची वीज, त्यात कोणाचं काय गेलं.

मार्च लागला, एसी सुरू झाला आणि मन्सारामजींचा हिशोब बिघडला. "पंपाची काढली, लिफ्टची काढली, दिव्याची काढली," ते मला सांगायला आले, "तरी एका बांधीचं पाणी कमी. कुठंतरी फुटून राहिलं मास्तर." मी म्हणालो, उन्हाळ्यात पॅनेल तापतात, थोडं कमी देतात. ते माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर त्यांनी लिफ्ट बंद करायला लावली, पंप बंद, स्कूटरचं बोर्ड बंद, जिन्यातले दिवे बंद, आणि मला हाताला धरून मीटरसमोर नेलं. मीटरचा लाल दिवा टिकटिक मिचकावत होता. "सारी तोंडं बंद. मंग हे कोणासाठी वाहून राहिलं?" मी म्हणालो, मीटरमध्ये दोष असेल. वरती माझ्या खोलीत एसी चालू होता आणि माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

त्यानंतर ते पाट पाहत फिरतात तसे वायरी पाहत फिरू लागले. खालून वर, एक एक मजला. आणि एका गुरुवारी सकाळी, जिन्यातल्या दिव्यांचा तो डबा, आमच्या दाराबाहेरचा, त्याच्या झाकणाच्या फटीत मला पळसाची हिरवी डहाळी खोचलेली दिसली.

मला ती कळली नाही असं मी म्हणू शकत नाही. मी डहाळी खिशात घातली. दोन मिनिटांचं काम होतं, पक्कड माझ्याकडे होती, आठ दिवस माझ्याकडे होते. पण मी रात्रंदिवस एकच विचार करत बसलो: हा म्हातारा आठ दिवस तरी गप्प राहील का? ज्याचा कोणावर भरोसा नाही, त्याच्यावर मी भरोसा कसा ठेवायचा? सचिवाच्याच घरी चोरीची वायर, हे मिश्राजींच्या तोंडून कसं ऐकू येईल ते मला आधीच ऐकू येत होतं.

शुक्रवारी मी कॉलेजातून दुपारीच परतलो आणि गच्चीवर गेलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांच्याविरुद्ध काहीतरी शोधायलाच. आणि ते मिळालं. अर्ध्या पॅनेलांवर निळी ताडपत्री अंथरलेली, कडेला विटा. बाजूच्या सावलीत मन्सारामजी बसलेले. मला पाहून ते चपापले नाहीत. उलट हसले. "कोणी घरी नाही मास्तर. कायले वाहू द्याचं? तुडुम बंद केलं. चारला उघडतो. ताडपत्री काढली का पाहा आकडा कसा उडी मारते. आत साठून राहते ना."

आकडा खरंच उडी मारत असणार. झाकलेलं पॅनेल थंड होतं आणि थंड पॅनेल थोडा वेळ जास्त वीज देतं. पण झाकलेल्या पॅनेलांची दुपारची वीज मात्र फुकट जात होती, आपल्या नावावर जमा न होता. ही चूक जन्मात दुसरा कोणी करणार नाही. तीस वर्षं तलाव राखलेला माणूसच ती करेल. आणि तिचं मूळ माझ्या त्या पेपराआडच्या उत्तरात होतं. मी त्यांना तिथेच समजावू शकलो असतो. मी "बरं" म्हणालो, आणि जिन्याकडे वळताना मोबाइलवर एक फोटो काढला.

रविवारी सकाळी गच्चीवरच सभा बोलावली. डहाळीला तेव्हा तीनच दिवस झाले होते. मी फोटो दाखवला आणि एवढंच म्हणालो, "युनिट का कमी पडतात ते बघा. किल्ली यांच्याकडे आहे. मला कोणाबद्दल काही म्हणायचं नाही." मला काही म्हणायची गरजच नव्हती. बाकीचे म्हणाले. कोणी म्हणालं, अर्धे पॅनेल झाकून उरलेल्या पॅनेलांची वीज मुलाच्या फ्लॅटमध्ये वळवत असणार. असं होऊच शकत नाही हे त्या गच्चीवर फक्त मला माहीत होतं. मिश्राजी म्हणाले, "काका, आपसे ये उम्मीद नहीं थी." देवेंद्र मान खाली घालून उभा. त्याने विचारलं, "बाबा, बोला ना. काऊन झाकत होते?"

मन्सारामजींनी तुडुमाची गोष्ट सांगून पाहिली. लोक हसले. मग ते हसणाऱ्यांकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहू लागले. खूप वेळ. मला वाटलं, आता. पण ते म्हणाले, "युनिट कमी पडते ते ताडपत्रीनं नाही. पण मले जे सांगाचं होतं ते म्या जागेवर सांगतलं हाये. अजून पाच दिवस बाकी हायेत." कोणाला काही कळलं नाही. म्हातारा बडबडतोय, एवढंच. त्यांनी किल्ली कठड्यावर ठेवली. मंगळवारी देवरीच्या बसने ते आणि त्यांची बायको कौशल्याबाई गावी निघून गेले, वाटेत उतरून दुसरी गाडी पकडायची होती म्हणे. देवेंद्रने सोडायला येऊ नये असं त्यांनी सांगितलं होतं.

त्याच दिवशी दुपारी मी पक्कड घेऊन वायर कापली. मला वाटलं, आठ दिवसांच्या आत बुजवलं. पुढच्या महिन्यात सामायिक मीटरचे युनिट झपकन सुधारले. मिश्राजी आकडा घेऊन दारोदार फिरले: "देखा? काका गए और बिजली आई." मी कापलेल्या वायरीने त्यांच्यावरची चोरी पक्की केली. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या, म्हातारा माणूस."

गोष्ट तिथेच राहिली नाही. देवेंद्रच्या मिलमध्ये त्यांच्या गावची माणसं आहेत. मन्सारामजींचा डोळा बरा झाला होता. पुढच्या हंगामात पाणकराचं काम परत घ्यायचं, या आशेवर तर ते इथले दिवस काढत होते. धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या आधी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, गावाची बैठक बसते. तिथे कोणीतरी म्हणालं, "गोंदियात लोकाइची वीज खाल्ली, इथं पाणी खाइन." ते उठून घरी आले. पुढे दोन हंगाम त्यांनी तलावाकडे पाठ करून काढले. गेल्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

देवेंद्र क्रियाकर्म उरकून गावाहून परतला तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन बसलो. इमारतीतल्या चार बायका आधीच आल्या होत्या. पटले बाई हळहळून म्हणाल्या, "एक गोष्ट सोडली तर देवमाणूस होता हो." ती एक गोष्ट. मी तिथेच सांगितलं, सगळ्यांसमोर: वायर, डबा, डहाळी, फोटो. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. बायका उठून गेल्या. मिश्राजी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत, बरोबर आहे. देवेंद्रने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इथल्या लोकाइचं सोडा सर. बाबाले इथल्या लोकाइचं काही वाटत नोहोतं. गावात जाऊन सांगा."

मी यंदा रोवणीच्या आधी गेलो. पाळीवर माणसं उकिडवी बसलेली, बायका थोड्या बाजूला, एक जण वही घेऊन पाळ्या लिहीत होता. मी परवानगी मागितली आणि इथे लिहिलं तसंच उभं राहून सांगितलं. बरोबर ती कापलेली वायरसुद्धा नेली होती. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं, कोणी शिव्या देईल, कोणी अंगावर येईल. खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस, दोन वर्षांपूर्वी 'इथं पाणी खाइन' म्हणाला होता तो हाच हे मला मागाहून कळलं, डोळे बारीक करून म्हणाला, "हे आता काऊन सांगून राहिले जी? माणूस मेल्यावर?"

"आधी हिंमत झाली नाही."

"देवेंद्रनं पाठवलं असन," दुसरा म्हणाला. "बापाचं नाव धुवाले."

"ही वायर बघा," मी म्हणालो.

"वायर तं माह्याही घरी हाये."

कोणी हसलं. वहीवाला पुढची पाळी लिहू लागला. मी तसाच उभा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा पूर्ण खरं बोललो होतो, आणि त्या पाळीवर एकालाही ते खरं वाटत नव्हतं.

मग बायकांतून कौशल्याबाई उठल्या. डोक्यावरचा पदर ओढून घेतला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, मले एक सांगा. ताडपत्री घातली का वीज आत साठून राहते काय? ते मरेपर्यंत मले म्हणत होते, साठते. तुमी शिकले-सवरले हाव. साठते का नाही?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या बाईला हो म्हणावं, असं मला फार वाटलं. तेवढं तरी तिला द्यावं.

"नाही काकू," मी म्हणालो. "साठत नाही. ती वाया जायची. तेवढं त्यांचं चुकत होतं. मी समजावून सांगायला हवं होतं."

त्या टॉवेलवाल्याकडे वळल्या. "ऐकलं काय? याले आमच्या पोरानं पाठवला असता, तं हा हो म्हणला असता."

टॉवेलवाल्याने खाली पाहिलं, मातीत एक रेघ ओढली, पुसली. मग वहीवाल्याला म्हणाला, "लिही बाबू. मन्साराम पाणकर. चोर नाही."

"चुकला तेही लिही," कौशल्याबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.